सत्तावीस मार्चची सही

३ मार्च, सोमवार

आमच्या संघटनेचे डॉक्टर म्हणाले, एक वही करा. रोज नाही जमलं तरी चालेल, पण घडलेलं त्याच दिवशी लिहून ठेवत जा. मी विचारलं, माझ्या डोक्याला झालंय काय? तर नुसते हसले. मागच्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला आणि एकदा ताईकडे जायला निघालेला मी भलत्याच रस्त्याने जुन्या क्लबच्या दारात जाऊन उभा राहिलो, एवढंच. चौपन्नाव्या वर्षी कुणाचंही होतं. हात थरथरतो तो चहाने, असं मी धरून चालतो.

चौदा वर्षं मी रिंगमध्ये काढली. तेव्हा लोक मला ‘हातोडा’ म्हणायचे. आता बॉक्सिंग संघटनेच्या कार्यालयात चिटणीस आहे. म्हणजे चाव्या माझ्याकडे, फायली माझ्याकडे, आणि कुणाचं काही हरवलं की बोलणीही मलाच. संध्याकाळी खाली हॉलमध्ये मुलामुलींना शिकवतो.

आजपासून नवा फतवा. लढतीपूर्वी डॉक्टर प्रत्येक खेळाडूला ‘तंदुरुस्त’ म्हणून दाखला देतात, तो आता कागदावर चालणार नाही. संगणकावर भरायचा, त्यावर डॉक्टरांची डिजिटल सही करायची आणि मुख्य कार्यालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा. सही पेनाची नाही. पेन ड्राइव्हसारखं बोटभर टोकन आलंय, त्याच्या आत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे, म्हणजे ‘हेच ते डॉक्टर’ अशी अधिकृत ओळख. टोकन खुपसायचं, सहा आकडी पिन दाबायचा, की दाखल्याखाली डॉक्टरांचं नाव, तारीख, वेळ उमटते आणि शेजारी हिरवी खूण येते.

डॉक्टरांनी टोकन उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी काय रोज इथे येणार आहे, तुमच्याकडेच राहू द्या, मी यादी देत जाईन, तुम्ही सह्या मारत जा, असं म्हणून ते गेले. पिन ठेवायलाही थांबले नाहीत. तो सुतळीने ठेवला.

सुतळी माझी भाची, ताईची मुलगी. बावीस वर्षांची. दिवसा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असते. अकराव्या वर्षी, तिचे वडील गेल्यावर, ताईने तिला माझ्या हवाली केलं, तेव्हा इतकी किडकिडीत होती की हिने ग्लोव्हज घातलेत की हिला ग्लोव्हजना टांगलंय ते कळायचं नाही. तेव्हापासून सुतळी. आज तिच्या वजनगटात तिच्यासमोर टिकेल अशी एकच मुलगी आहे, बंदर क्लबची, जिला सगळे ‘खांब’ म्हणतात.

तासभर बसून तिने मला सगळं शिकवलं. मी दोन बोटांनी टाइप करतो यावर हसली.

‘मामा, हा पिन कुणाला सांगू नकोस.’

‘तुला तर माहीत आहेच.’

‘मी म्हणजे कुणी थोडीच.’

८ मार्च, शनिवार

आज बंदर क्लबशी सरावाच्या लढती. दुसऱ्या फेरीत खांबाने सुतळीला आडवं केलं.

मी रिंगच्या कोपऱ्यातच होतो, तिच्या बाजूने. सुतळी डावा हात खाली सोडून आत शिरली. हजार वेळा सांगितलंय, आत शिरताना डावा खाली सोडू नकोस. खांबाचा उजवा हूक तिच्या कानशिलावर बसला. आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. पाय आधीच गेले होते, शरीराला ते उशिरा कळलं. ती तोंडावर पडली, माउथगार्ड लाळेसकट बाहेर आलं आणि डोळे उघडे असून त्यांत कुणी नव्हतं. अठरा सेकंद. मी मोजली.

शुद्धीवर आल्यावर तिने मला विचारलं, आज कुठला वार. मग दोनदा ओकली.

डॉक्टरांनी तपासून पंचेचाळीस दिवस रिंग बंद केली. बावीस एप्रिलपर्यंत सरावाचीही लढत नाही. म्हणजे एकोणतीस तारखेची निवड चाचणी गेली. चार वर्षांतून एकदा येते ती. मी डॉक्टरांशी जरा हुज्जत घातली, ते म्हणाले, तुमच्या वेळी कुणी थांबवलं असतं तर आज तुम्हाला वही लिहावी लागली नसती. काय बोलतात काही कळत नाही.

११ मार्च, मंगळवार

ताईकडे गेलो. सुतळी पडदे ओढून खोलीत पडलेली. उजेड सहन होत नाही म्हणाली. होतं असं. दोन-चार दिवसांत जातं.

तिला बरं वाटावं म्हणून माझ्या जबड्याची गोष्ट सांगितली. अंतिम लढतीत पहिल्याच फेरीत जबडा मोडला होता, तरी तोंड मिटून आणखी दोन फेऱ्या लढलो, रक्त गिळत, आणि जिंकलो. पुढे तीन आठवडे नळीने जेवलो. ताई दारातून ओरडली, पुरे कर, शंभर वेळा ऐकलीय. पण सुतळी उठून बसून ऐकत होती.

१९ मार्च, बुधवार

सुतळी हॉलमध्ये आली. रिंगमध्ये नाही घेतलं मी तिला, नियम तो नियम. सँडबॅगवर सुटली. तीन मिनिटांच्या सहा फेऱ्या, बोटांच्या पट्ट्यांतून रक्त येईपर्यंत. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती हूक मारताना डोळे मिटते. पूर्वी मिटत नव्हती.

तसं बोललो. ती म्हणाली, चक्कर येते म्हणून. मी म्हणालो, चक्कर नाही, भीती आहे ती. एकदा बसली की निघत नाही, मी पाहिलीत अशी कितीतरी. पंचेचाळीस दिवस हे निमित्त मिळालंय तुला, खरं तर खांबासमोर उभं राहायची तुझी छाती नाही. भित्री झालीस तू. सगळ्या मुलींसमोर बोललो.

ती पट्ट्या सोडत बसली. मुद्दामच डिवचलं. एप्रिलनंतर परतेल तेव्हा पेटून परतेल. मला माझ्या गुरुजींनी असंच घडवलं, वर कानाखाली वाजवायचे ते वेगळंच.

२७ मार्च, गुरुवार

सह्यांचा दिवस. डॉक्टरांनी सकाळी येऊन एकतीस जणांना तपासलं, कागदावर यादी दिली आणि दुपारच्या गाडीने सहा दिवसांसाठी बाहेरगावी गेले. मी जेवून टोकन लावून बसलो. एकेक दाखला उघडायचा, नाव जुळवायचं, पिन, हिरवी खूण, पुढचा. चारपर्यंत छत्तीस झाले. छत्तीस कसे? एकतीसच होते. पाच जणांचे दोनदा केले होते. सुतळी दुकानातून लवकर सुटून आली होती, तिने ते निस्तरून दिले.

तेवढ्यात खाली आरडाओरडा. रिंग न्यायला ट्रक आला होता आणि चालकाने मागे घेताना रखवालदाराची सायकल चेपली होती. दोघे एकमेकांच्या नरड्याला. मी उतरलो तोवर चालकाने लोखंडी पान्याने रखवालदाराची भुवई फोडली होती. मी पाना काढून घेतला आणि चालकाच्या बरगडीखाली एकच ठेवून दिला, अर्धाच. तो ट्रकच्या चाकाला टेकून खाली बसला आणि हवा शोधू लागला. हात अजून ओळखतात, कुठे मारायचं ते. मग रखवालदाराला टाके घालून आणायला गेलो.

परतलो तोवर साडेपाच. सुतळी गेली होती. संगणक बंद, टोकन ड्रॉवरमध्ये, टेबल पुसलेलं. कामाची पोरगी. इतक्या दिवसांचा रुसवा गेला म्हणायचा.

३० मार्च, रविवार

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितोय. सकाळचे अकरा. कालचं सगळं लिहायलाच हवं, नाहीतर जाईल डोक्यातून. जावं असंही वाटतं.

काल सकाळी लढतींचा तक्ता लागला, त्यात सुतळीचं नाव. समोर खांब. मी तिला गाठलं. ती म्हणाली, डॉक्टरांनी जाण्यापूर्वी दवाखान्यात पुन्हा तपासलं, बंदी उठवली. मी सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं. दाखला होता. डॉक्टरांचं नाव, सत्तावीस तारीख, हिरवी खूण. रिंगजवळचे दुसरे तरुण डॉक्टर होते, त्यांनीही खूण पाहिली आणि मान डोलावली. आमच्या डॉक्टरांना फोन करावा असं एकदा मनात आलं. तोवर तिच्या हाताला पट्ट्या बांधायला घेतल्या होत्या. नाही केला.

पहिली फेरी तिची. खरंच तिची. खांबाचं नाक तिने फोडलं, पांढऱ्या बनियनवर लाल पट्टा ओघळला. लोक उभे राहिले. मी दोरी बडवत होतो.

दुसऱ्या फेरीत खांब जवळ आली. पोटात, पोटात, मग वर. सुतळी मागे सरेना. मी ओरडत होतो, हात वर, हात वर. ती एकदा माझ्याकडे वळून बघायला गेली आणि तेवढ्यात डोक्याच्या डाव्या बाजूला बसला. हेडगार्ड सरकून डोळ्यावर आलं. रेफरीने आठपर्यंत मोजलं. ती उभी राहिली. टॉवेल माझ्या हातात होता, तो आत फेकला की लढत थांबते. फेकला नाही. तिने मुठी वर केल्या होत्या.

त्यानंतरचे सहा ठोसे मी मोजले. शेवटचे दोन तिने पाहिलेच नाहीत. ती दोरीवरून घसरत खाली बसली, एक पाय आखडला आणि झटके सुरू झाले. टाच कॅनव्हासवर आपटत होती, टक टक टक. हॉलमध्ये तेवढाच आवाज.

डोक्यात रक्त साकळलं होतं. डाव्या बाजूच्या कवटीचा तुकडा काढून ठेवलाय. ताई आली, तिने आधी मला विचारलं, जिवंत आहे ना? मी हो म्हणालो. मग तिने माझ्या मुस्कटात मारली, एकदा, दोनदा, पाच वेळा, हात दुखेपर्यंत. मी हात खालीच ठेवले.

२ एप्रिल, बुधवार

डॉक्टर परतले. मी जिन्यातच त्यांची कॉलर धरली आणि भिंतीला लावलं. ते म्हणाले, ‘मी तिला तपासलंच नाही. कशी बंदी उठवीन?’ त्यांचा चष्मा खाली पडला होता आणि ते खोटं बोलत नव्हते. समोरचा खोटं बोलतो तेव्हा खांदा आधी हलतो.

मुख्य कार्यालयाचा माणूस येऊन संगणक तपासून गेला. दाखल्यावर सही झाली सत्तावीस मार्चला, चार वाजून बावीस मिनिटांनी. याच संगणकावरून, याच टोकनने.

मग कोणी केली? चाव्या दोघांकडेच. एक मी आणि दुसरा संघटनेच्या अध्यक्षांचा मेहुणा. लढती भरवायचं काम त्याचं. पोस्टरवर सुतळी आणि खांब समोरासमोर त्यानेच छापले होते, महिनाभर आधी. सुतळी नसती तर अर्धा हॉल रिकामा राहिला असता. तोच. दुसरं कोण असणार.

६ एप्रिल, रविवार

तीन तारखेला मेहुण्याला गाडीतळावर गाठलं. गाडीचं दार उघडत होता. विचारलं, माझ्या मुलीचा दाखला का केलास? तो म्हणाला, ‘वेडा झालास का, मला तो संगणक चालूही करता येत नाही.’

पहिला पोटात. तो वाकला. दुसरा खालून वर, हनुवटीवर. दात एकमेकांवर आपटलेले ऐकू आले. तिसरा मारायची गरज नव्हती, तो मी मारला. जबडा गेला. जबडा जाताना कसा वाटतो ते मला आतून माहीत आहे, बाहेरून पहिल्यांदाच पाहिलं. तो जमिनीवर पडून तोंड धरून बोलायचा प्रयत्न करत होता आणि त्याची लहान मुलगी मागच्या सीटवर बसून काचेतून बघत होती. ती मला आधी दिसलीच नव्हती.

दोन दिवस कोठडीत. तिथे एका हवालदाराने मला ओळखलं, माझी जबड्याची लढत त्याने लहानपणी पाहिली होती. मग त्याने मला मारलं. मेहुणा त्याचाही कुणी लागत होता. काठी पोटऱ्यांवर.

काल अध्यक्ष स्वतः येऊन जामिनावर सोडवून घेऊन गेले. गाडीत शांतपणे म्हणाले, ‘हे बघ, सही तूच केलीस. छत्तीस दाखले केलेस त्या दिवशी, एकतीसच्या जागी. तुझ्या डोक्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. गडबडीत सदतिसावा झाला, विसरलास. तसा जबाब दे, मेहुण्याची तक्रार मी मागे घ्यायला लावतो. प्रकरण मिटेल.’

माझ्या डोक्याचं सगळ्यांना ठाऊक आहे म्हणे. मला कुणी सांगितलं नाही.

पण खरंच झालं असेल का तसं? मी केली असेल आणि आठवत नसेल? पाच जणांचे दोनदा केले तेही मला आठवत नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार

वही उघडून मागची पानं वाचली. सत्तावीस मार्च. चार वाजता मी खाली उतरलो. साडेपाचला परतलो. ‘सुतळी गेली होती. संगणक बंद, टोकन ड्रॉवरमध्ये, टेबल पुसलेलं.’ माझंच अक्षर. तीनदा वाचलं.

चार बावीसला मी रखवालदाराची भुवई रुमालाने दाबून धरून रिक्षात बसलो होतो.

हॉलमध्ये गेलो. कुणी नव्हतं. चौकशी लागल्यापासून हॉलमधलं सगळं सामान मुख्य कार्यालयाने उचलून नेलंय, सँडबॅगही, म्हणून खांबावर मारलं. सिमेंटच्या खांबावर, पट्ट्या न बांधता. उजव्या हाताची दोन हाडं मोडली, तोवर थांबलो नाही. हे डाव्या हाताने लिहितोय. वाचता येईल असं वाटत नाही.

मेहुण्याने काहीच केलं नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार

सुतळी बोलली. उजवी बाजू अजून लुळी आहे, शब्द सापडत नाहीत तिला. चमच्याला चावी म्हणते. डोक्याला पट्टी, त्या बाजूला हाड नाही, श्वासाबरोबर तिथे वरखाली होतं. मी तिकडे बघू शकत नाही.

ताई औषधं आणायला गेली तेव्हा मी विचारलं. दाखला तू केलास का? तिने माझ्या प्लास्टरकडे पाहिलं.

‘सही... मी.’

‘का गं?’

तोंड वाकडं झालं. मला वाटलं रडते आहे. शब्द शोधत होती. शेवटी सापडला.

‘भित्री,’ म्हणाली.

मला आधी कळलंच नाही, कुणाबद्दल बोलते. बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो तेव्हा कळलं. खाली बागेत कुणीतरी पाइपने पाणी घालत होतं. माझ्या गुरुजींनी मला घडवलं असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्यांचा हात माझ्या कानावर किती वेळा पडला ते कधी सांगितलं नाही. डाव्या कानाने मला चौदाव्या वर्षापासून ऐकू येत नाही.

१३ एप्रिल, रविवार

ताईला सांगितलं. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. मग हात पुसून माझ्यासमोर बसली.

‘तिचं नाव घेऊ नकोस. अध्यक्ष म्हणतो तसं लिहून दे. तू घे अंगावर. तुझं आता काय राहिलंय?’

चिडून नाही म्हणाली. खरंच विचारत होती.

लिहून देणं सोपं आहे. डॉक्टर सुटत नाहीत तसेही, टोकन त्यांनी स्वतःजवळ ठेवायचं होतं. मेहुणा तक्रार मागे घेईल. सुतळीवर काही येणार नाही. सगळ्यांच्या सोयीचं आहे. फक्त एक गोष्ट घशाखाली जात नाही. मग मी नुसता विसरभोळा म्हातारा उरतो, ज्याच्याकडून चुकून एक बटण दाबलं गेलं. आणि एकोणीस मार्चला हॉलमध्ये जे झालं ते झालंच नाही असं होतं.

१६ एप्रिल, बुधवार

चौकशी. लांब टेबल, तिघे जण. मधोमध निवृत्त न्यायाधीश बाई, कोपऱ्यात लॅपटॉपवर एक टंकलेखिका. अध्यक्ष खिडकीशी. मेहुणाही होता, जबडा तारांनी बांधलेला. आत जाण्यापूर्वी मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझं चुकलं म्हणालो. त्याने मान फिरवली. बरोबर आहे त्याचं.

जबाबावर माझी डिजिटल सही लागणार होती, म्हणून काल माझ्या नावाचं प्रमाणपत्र काढून घेतलं. कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवलं, नाव सांगितलं, आकडे वाचले. पिन यावेळी मी एकट्याने ठेवला. इथे लिहिणार नाही.

अध्यक्षांनी जबाब आधीच तयार करून आणला होता. बाईंनी विचारलं, हे तुम्हाला मान्य आहे का? मी नाही म्हणालो आणि पहिल्यापासून सांगितलं. टोकन माझ्या ड्रॉवरमध्ये असायचं. पिन भाचीने ठेवला, मी ठेवू दिला. सत्तावीस तारखेला मी टोकन लावलेलंच सोडून खाली गेलो आणि सही तिने केली. लढतीच्या दिवशी मला फोन करता आला असता, केला नाही. टॉवेल माझ्या हातात होता, फेकला नाही. सत्तावीस मार्चचं पान दाखवलं.

मग म्हणालो, अजून एक वाक्य लिहा. एकोणीस मार्चला, मेंदूला मार लागल्यावर अकराव्या दिवशी, मी तिला सगळ्यांसमोर भित्री म्हणालो.

टंकलेखिका थांबली. बाई म्हणाल्या, याचा सहीशी संबंध नाही.

‘आहे,’ मी म्हणालो. ‘तेही लिहा.’

अध्यक्ष मध्ये पडले, भावनेच्या भरात बोलतोय, ते वगळू, नंतर नीट करून घेऊ. तेव्हा टंकलेखिका, पंचविशीतली असेल, पहिल्यांदा बोलली. सही झाल्यावर काही नीट करता येत नाही, म्हणाली. एक स्वल्पविराम जरी हलवला तरी सही मोडते आणि उघडणाऱ्याला दिसतं की कागदाला हात लावलाय.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला म्हणाल्या, लिहा. मी डाव्या हाताने पिन दाबला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर बंद पडलं असतं. लागला.

बाहेर व्हरांड्यात अध्यक्षांच्या माणसांपैकी कुणीतरी मागून पाठीत लाथ घातली. जिन्याच्या चार पायऱ्या गडगडलो. कोण होतं ते वळून पाहिलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

निकाल आला. डॉक्टरांची नोंदणी वर्षभर स्थगित. मला संघटनेतून आणि कुठल्याही रिंगच्या कोपऱ्यातून कायमचं काढलं. मेहुण्याला मारल्याचा खटला चालेल, वकील म्हणतो मला सहा महिने तरी आत बसावं लागेल. सुतळीवर आजन्म बंदी, जिची आता गरज नव्हती, पण कागदावर हवी.

ताई माझ्याशी बोलत नाही. मी रुग्णालयात गेलो की ती उठून बाहेर जाते.

सुतळीला कुणीतरी माझा जबाब वाचून दाखवला होता. मी स्टूलवर बसलो. व्यायाम शिकवणारी मुलगी तिच्या डाव्या हातात रबराचा चेंडू देऊन गेली होती, तो तिने जमिनीवर टाकला.

‘सही... माझी,’ ती म्हणाली.

मी म्हणालो, हो, तसंच सांगितलंय मी.

‘तुझं... वाक्य. का घातलंस?’ घाम फुटला होता तिला. ‘मला... लढायचं होतं. मला. तुझ्या... मुळे नाही.’

मी म्हणालो, पण मी तुला भित्री म्हणालो नसतो तर. तिने बोलू दिलं नाही. डावा आला. मला दिसला होता, मी चुकवू शकलो असतो. सरळ, कोपर आत, खांद्यातून. ओठ फुटला आणि खालचा एक दात हलला. लुळ्या अंगाची मुलगी, पाठीला उशी, आणि तरी सबंध वजन त्यात उतरलं होतं. काय ठोसा होता. नर्स धावत आली, तिला सांगितलं, काही नाही, व्यायाम चालू आहे.

सुतळी रडत होती. का ते मला नीट कळलं नाही. मी पुढे सरकलो आणि गाल दिला.

‘पुन्हा मार.’

तिने मूठ वर घेतली. तशीच धरून ठेवली. मग बोटं उघडली.

‘बस झालं, मामा,’ म्हणाली.

तिन्ही शब्द न अडखळता आले.